पहिल्यांदा बबल टी मागवताना: काउंटरवर काय सांगायचं, काय विचारायचं

कडकभाकरी (धागाकर्ता)

आपल्या सोलापुरातल्या कॅफेंच्या मेनूकार्डावरही आता बबल टी दिसतो. पहिल्यांदा जाणारा माणूस त्या लांबलचक यादीकडे बघत राहतो, मागे रांग वाढते आणि शेवटी "द्या कुठलाही एक" असं होतं. मग हातात येतो तो अतिगोड, बर्फाने गच्च भरलेला पेला. ऑर्डर नीट दिली की यातलं बहुतेक टळतं. माहीतगारांनी भर घालावी, म्हणून हा धागा.

आधी पेल्यात काय असतं ते बघू. खाली शिजवलेल्या काळ्या गोळ्या, म्हणजे टॅपिओका पर्ल किंवा बोबा. त्यावर चहा, मग दूध किंवा क्रीमर, साखरेचा पाक आणि बर्फ. वर यंत्राने चिकटवलेली प्लॅस्टिकची पातळ झिल्ली. हे पेय तैवानचं, १९८० च्या दशकातलं. तायचुंगमधलं चुन शुई तांग आणि ताइनानमधलं हानलिन अशी दोन चहागृहं "पहिल्यांदा आम्ही केलं" म्हणत कोर्टात गेली होती. दहाएक वर्षं चाललेला तो वाद २०१९ मध्ये संपला आणि या पेयावर कुणा एकाची मक्तेदारी नाही असं ठरलं.

काउंटरवर ठरवायच्या गोष्टी चार: चहा कुठला, साखर किती, बर्फ किती, टॉपिंग कुठलं. हे चारही आपणहून सांगा. सांगितलं नाही तर बहुतेक ठिकाणी १०० टक्के साखर (म्हणजे दुकानाच्या ठरलेल्या मापाची पूर्ण गोडी) आणि पूर्ण बर्फ येतो.

पहिल्या वेळेला क्लासिक ब्लॅक मिल्क टी घ्या. आपल्या जिभेला दुधाच्या चहाची सवय आहे, त्यामुळे नवी असते ती फक्त गोळी. साखर ५० टक्के, बर्फ कमी, टॉपिंग एकच आणि तेही साध्या गोळ्यांचं, लहान पेला. टॉपिंगचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात आणि पहिल्याच पेल्यात तीन टॉपिंगं घातली तर कशाचीच चव कळत नाही.

साखरेबद्दल एक नेमकी गोष्ट. "० टक्के" म्हणजे वरून पाक घालणार नाहीत, एवढंच. गोळ्या मुळात पाकात मुरवलेल्या असतात, आणि टॅरो (अळूचा कंद), चॉकलेट वगैरे प्रकार पावडरीचे असतील तर पावडरीतही साखर असते. ब्राऊन शुगर मिल्क या प्रकारात तर पाक हाच मुख्य घटक. त्याला "बिनसाखरेचा द्या" म्हणून उपयोग नाही.

बर्फ आणि गोडी यांचं नातंही लक्षात ठेवा. गारव्याने जिभेला गोड कमी लागतं आणि वितळणारा बर्फ पेय पातळही करतो. म्हणून बर्फ कमी केलात तर साखरही एक पायरी खाली आणा. बर्फ अजिबात नको म्हटलं तर काही ठिकाणी पेला अर्धवट भरतो, काही ठिकाणी जास्तीचा चहा-दूध घालून भरतात आणि त्याचे पैसे लावतात. ते आधी विचारून घ्या.

चहाबाज

उत्तम धागा. चहाच्या बाजूने भर घालतो.

पर्याय साधारण तीन: ब्लॅक, जास्मिन ग्रीन आणि ऊलाँग. ब्लॅक दुधाबरोबर टिकतो. जास्मिन फळांच्या चवींबरोबर चांगला, त्यात दूध नसतं. ऊलाँग हा ब्लॅक आणि ग्रीन यांच्या मधला चहा, भाजलेला ऊलाँग दुधातही छान लागतो. लिंबू किंवा पॅशनफ्रूटच्या चहात दूध घालून मागू नका, आंबटपणाने दूध फाटतं.

दूध ताजं की पावडरीचं, हा प्रश्न जरूर विचारावा. नुसतं "मिल्क टी" लिहिलेलं असेल तर बऱ्याचदा नॉन-डेअरी क्रीमर असतो. त्याने पेय दाट आणि तुकतुकीत होतं, पण तो प्रामुख्याने वनस्पती तेल आणि ग्लुकोज सिरपचा असतो. नावात नॉन-डेअरी असलं तरी त्यात बहुधा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलं प्रथिन आहे. दुधाची अॅलर्जी असलेल्यांनी त्या नावावर जाऊ नये. ताजं दूध हवं तर "फ्रेश मिल्क" असं स्पष्ट म्हणा.

ब्राऊन शुगर फ्रेश मिल्कमध्ये अनेक ठिकाणी चहा नसतोच, नुसतं दूध, पाक आणि गोळ्या. कॅफिन नको असणाऱ्यांना ते सोयीचं. चहाच्या अपेक्षेने घेतलं तर मात्र हिरमोड होतो.

जुळेसोलापूर

धन्यवाद दोघांना. घरच्या चौघांना घेऊन जायचं आहे, म्हणून थेट विचारते. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. एकादशी धरतात आणि "साबुदाण्याचंच आहे ना, मग उपासाला चालेल" असं म्हणतात. मुलगी अकरावीत, धाकटा चार वर्षांचा. यांना काय मागवावं?

काउंटरपलीकडून

ताई, कॅफेच्या स्वयंपाकघरातली बाजू मी सांगतो. शाकाहाराचं आधी.

साध्या गोळ्या टॅपिओका स्टार्चच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या. शाकाहारी. पॉपिंग बोबा, दाताखाली फुटून रस येतो तो, सोडियम अल्जिनेटचा. अल्जिनेट समुद्री शेवाळातून काढतात. रसाचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडले की भोवती पातळ कातडी धरते. तोही सहसा शाकाहारी. कोकोनट जेली म्हणजे नाता दे कोको, नारळपाणी आंबवून केलेली, तीही चालते.

जपायचं ते पुडिंगला. त्यात अंडं किंवा जिलेटिन असू शकतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. "जेली" नावाच्या प्रत्येक बरणीबद्दल विचारा: आगर किंवा कॅरागीनन असेल तर शाकाहारी, जिलेटिन असेल तर नाही. काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर बरणी दाखवायला सांगा. त्यात संकोच नको. पाकिटावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, एका नजरेत कळतं. चीज फोमबद्दलही हेच: क्रीम चीज, क्रीम आणि मिठाचा तो फेस असतो, पण पावडरीचा असेल तर लेबल वाचावं. शेकर आणि डाव सगळ्यांना तेच वापरतात, हेही सासूबाईंच्या कानावर घालून ठेवा.

उपासाचं म्हणाल तर आपला साबुदाणाही याच कसाव्याच्या कंदाचा, हे खरं. पण तयार गोळ्यांत सुधारित स्टार्च, गवार गम, कॅरॅमल रंग आणि टिकवणारी द्रव्यं असू शकतात, काही पाकिटांत दुसरा स्टार्चही मिसळलेला असतो. आषाढीला बाहेरचा बबल टी देऊ नये असं माझं मत. उपासाला चालणारा प्रकार घरीच करता येतो, तो कुणीतरी लिहीलच.

आता गोळ्यांबद्दल. सगळं पेय यांच्यावर उभं आहे.

दुकानातल्या सुक्या गोळ्या १०० ग्रॅमला ८०० मिली ते १ लिटर पाणी लागतं. पाणी खळखळ उकळल्यावरच गोळ्या सोडायच्या. गार पाण्यात टाकल्या तर विरघळून लापशी होते. सोडल्यावर लगेच ढवळायचं, नाहीतर तळाला बसून एकमेकींना चिकटतात. सगळ्या वर तरंगल्या की मध्यम आचेवर झाकण ठेवून २५ ते ३० मिनिटं, मग गॅस बंद करून तितकाच वेळ झाकून ठेवायच्या. दुसरा टप्पा गाळला की गोळी बाहेरून मऊ आणि आत पांढरा कच्चा ठिपका. मग गार पाण्याने धुवायच्या. वरचा चिकट थर जातो आणि गोळी आवळते. निथळून ब्राऊन शुगरच्या पाकात १५-२० मिनिटं मुरवायच्या. १०० ग्रॅमच्या जवळजवळ दुप्पट होतात. तीन-पाच मिनिटांत शिजणाऱ्या झटपट गोळ्या वेगळ्या, त्यांना हे वेळापत्रक लावू नका.

शिजल्यापासून चार तास हे त्यांचं आयुष्य. पुढे त्या बाहेरून बुळबुळीत होतात नाहीतर आतून कडक. फ्रिजमध्ये ठेवणं हा उपाय नव्हे: गारव्याने स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि गोळी खडूसारखी तुटते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये स्वयंपाकघरात ४० अंशांच्या वर तापमान असतं. अशा वेळी शिजलेला स्टार्च ओट्यावर चार तास ठेवणंही धोक्याचं, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. एक तर ६० अंशांच्या वर राखणारं गरम भांडं हवं, नाहीतर थोड्या थोड्या गोळ्या दोन-दोन तासांनी शिजवायला हव्यात.

म्हणून गिऱ्हाइकाने विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हा: "गोळ्या किती वाजता शिजवल्यात?" नीट चालवलेल्या ठिकाणी वेळ सांगतात, भांड्यावर चिठ्ठीही असते. उत्तर टाळलं तर त्या दिवशी पॉपिंग बोबा घ्या. तो तयार डब्यातून येतो, शिजवायचा प्रश्न नाही.

कडकभाकरी (धागाकर्ता)

हा प्रतिसाद धाग्याचा कणा आहे. ताजी गोळी ओळखायची ती अशी: चावताना आधी दबते, मग थोडा प्रतिकार करते, आणि शेवटपर्यंत सारखीच लागते. मध्ये करकर लागली तर कच्ची किंवा फ्रिजमधली. जिभेने दाबताच विरघळली तर फार वेळ ठेवलेली. दोन्ही बाबतीत पेला परत देऊन नम्रपणे बदलून मागावा. चांगले दुकानदार बदलून देतात की ओ.

सुगरण_बाळीवेस

साबुदाण्याचा विषय निघालाच आहे तर नीटच लिहिते.

तमिळनाडूतल्या सेलमकडून येणारा आपला साबुदाणाही टॅपिओका स्टार्चचाच. पण तो करताना ओल्या स्टार्चचे दाणे पाडून भाजतात वा वाफवतात, त्यामुळे तो अर्धवट शिजलेला असतो. म्हणून तो भिजवला की फुगतो आणि खिचडीत मोकळा राहतो. बोब्याची गोळी भिजवायची नसते, थेट उकळत्या पाण्यात जाते. मोठा साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत उकळून चहात घालता येतो, चवीला वाईट नाही, पण तो चिवटपणा येत नाही. खिरीतल्या साबुदाण्यासारखा लागतो.

घरी करायचं तर टॅपिओका स्टार्च १०० ग्रॅम, गूळ ५० ग्रॅम, पाणी ६० मिली. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कचरा आणि वाळूचा कण राहायला नको. पुन्हा गॅसवर ठेवून खळखळ उकळी आणा. आच मंद करून स्टार्चचा तिसरा हिस्सा घाला आणि भराभर ढवळा. चिकट, चकचकीत लगदा होईल. गॅस बंद करून उरलेला स्टार्च घाला आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळा.

इथेच बहुतेकांचं बिघडतं. पाणी पुरेसं उकळलेलं नसेल तर स्टार्च शिजत नाही. पीठ मुठीत दाबलं की गोळा होतो, सोडलं की ओघळतो. असं झालं तर वरून पीठ घालत बसू नका. चमचाभर ओघळ पीठ कढईत काढून मंद आचेवर लगदा करा आणि तो बाकीच्यात मळा. उलट पीठ कोरडं पडून तडे जात असतील तर गरम पाण्याचे थेंब, अक्षरशः थेंबच.

पिठाची दोरी वळून ६-७ मिलिमीटरचे तुकडे, मग गोळ्या. शिजून त्या फुगतात, म्हणून मोठ्या करू नका. कोरडा स्टार्च भुरभुरून ठेवायच्या आणि उरलेलं पीठ ओल्या फडक्याखाली. ताज्या गोळ्यांना १५-२० मिनिटं उकळी आणि तितकाच वेळ झाकण पुरतं.

स्टार्च मिळाला नाही म्हणून साबुदाणा मिक्सरला लावणार असाल तर वस्त्रगाळ करा आणि पाणी सावकाश वाढवा. ते पीठ अर्धवट शिजलेलं असल्याने पाणी जास्त ओढतं. जाड कण राहिला की गोळी तिथूनच फुटते.

गुळाच्या गोळ्या गरम दुधात टाकू नका, दूध फाटू शकतं. गोळ्या कोमट आणि दूध गार हवं. उपासाला चहा चालत असेल तर हा प्रकार सासूबाईंना नक्की देता येईल.

चहाबाज

घरच्या चहाचं प्रमाणही लिहून टाकतो. आपली नेहमीची सीटीसी पावडर चालते: २०० मिली उकळत्या पाण्यात दोन चमचे, गॅस बंद, चार मिनिटं झाकण, मग गाळणं. आपल्या सवयीप्रमाणे उकळत ठेवलात तर गार झाल्यावर तुरटपणा डोकं वर काढतो. पेल्यात १००-१२५ ग्रॅम बर्फ जाणार आहे हे धरून चहा दुप्पट कडक करायचा. दूध ६० ते ८० मिली. साखर चहा गरम असतानाच विरघळवा. आलं-वेलदोडा पहिल्यांदा नको, गोळीच्या गुळाची चव त्याखाली दबते.

सात_रस्ता

स्ट्रॉबद्दल कुणी बोललंच नाही. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक स्ट्रॉवर बंदी आहे, त्यामुळे बहुधा कागदी मिळते. १२ मिलिमीटर रुंदीची आणि एका टोकाला तिरकी कापलेली हवी. साध्या ६ मिलिमीटरच्या नळीतून गोळी येत नाही.

झिल्ली फोडायची रीत: आधी बंद पेला दोन-तीनदा उलटसुलट हलवा, तळाशी बसलेला पाक मिसळतो. चीज फोम असेल तर हलवायचं नाही. मग पेला टेबलावर ठेवा, कडेला धरा आणि दाबू नका. स्ट्रॉच्या वरच्या भोकावर अंगठा ठेवून तिरकं टोक एका झटक्यात आत. अंगठा नसला तर चहाची पिचकारी नळीतून वर येते. हळूहळू टोचत बसलात तर कागदी टोक दुमडतं आणि पेला चेपून कडेने सांडतं. कागदी स्ट्रॉ अर्ध्या तासात मऊ पडते, एखादी जास्तीची मागून घ्या.

आहार_सल्ला

धाकट्याबद्दल लिहायलाच हवं. चार वर्षांच्या मुलाला गोळ्यांचा बबल टी देऊ नका. रुंद नळीतून ओढताना गोळी वेगाने थेट घशात जाते आणि श्वासनलिकेत अडकू शकते. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१२ मध्येच लहान मुलांबाबत हा इशारा दिला होता. पॉपिंग बोबाही त्या वयाला नको. शिवाय चहातलं कॅफिन आहेच. त्याला टॉपिंगशिवाय नुसतं गार दूध पाक कमी घालून, साध्या पेल्यात, चमच्याने. मोठ्यांनीही जोरात ओढू नये: दोन-तीन गोळ्या तोंडात आल्या की थांबायचं, चावायच्या, मग पुढचा घोट. चालत्या दुचाकीवर मागे बसून तर अजिबात पिऊ नये.

साखरेचा हिशेबही बघा. ५०० मिलीच्या पूर्ण गोड मिल्क टीमध्ये गोळ्यांसह साधारण ३०० कॅलरी आणि ३५-४० ग्रॅम साखर सहज जाते. ब्राऊन शुगर प्रकारात आणखी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. मधुमेह असलेल्यांनी "साखर नको" एवढ्यावर समाधान मानू नये, गोळी हा नुसता स्टार्च आहे. त्यांनी गोळ्यांशिवाय, बिनसाखरेचा जास्मिन किंवा ऊलाँग घ्यावा.

होटगीरोड

५० टक्के साखर मला पहिल्यांदा पिणाऱ्यासाठी जास्त वाटते. ३० का नको?

कडकभाकरी (धागाकर्ता)

३० टक्क्यांत ब्लॅक टीचा तुरटपणा पुढे येतो आणि आपल्याकडच्या गोड चहाची सवय असलेल्याला पेय कडवट वाटून तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. घरी बिनसाखरेचा चहा पिणाऱ्याने खुशाल ३० सांगावं. टॅरोला मात्र ३०च. ती पावडर मुळातच गोड असते, आणि जांभळा रंग बहुतेक वेळा अळूच्या कंदाचा नसून मिसळलेला असतो.

जुळेसोलापूर

सगळ्यांचे आभार. घरपोच मागवलं तर चालेल का? दुपारी बाहेर पडवत नाही.

काउंटरपलीकडून

उन्हाळ्यात सातरस्त्याहून जुळे सोलापूरला पेला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं. मागवायचंच असेल तर सूचनेच्या रकान्यात "बर्फ नको" लिहा, साखर ३० टक्के करा आणि घरचा बर्फ घाला. गोळ्या वेगळ्या डबीत देत असतील तर उत्तम, चहात भिजत पडल्या की मऊ होत जातात. पोचल्यावर अर्ध्या तासात संपवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. पहिल्यांदा मात्र दुकानातच प्या, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. गिऱ्हाईक वाढायच्या आधी ताजी खेप लागलेली असते.

तुमच्या घरासाठी ऑर्डर अशी सांगा: "एक ब्लॅक मिल्क टी, फ्रेश मिल्कमध्ये, साखर ५०, बर्फ कमी, साध्या गोळ्या." ही तुमची. मुलीला जास्मिन लिची, साखर ३०, पॉपिंग बोबा, दूध नाही. सासूबाईंना ब्राऊन शुगर फ्रेश मिल्क लहान पेला, बर्फ अगदी थोडा. दात हलत असतील तर गोळ्या निम्म्या घालायला सांगा, त्या दाताला चिकटतात. कवळी असेल तर गोळ्यांऐवजी कोकोनट जेली नको, तीही चिवट असते. नुसतं पेय द्या. धाकट्याचं वर सांगितलंच आहे.

जुळेसोलापूर

कवळीच आहे. बरं झालं सांगितलंत दादा, गोळ्यांशिवाय मागवते.